ओपन स्पेसचे चार तुकडे होऊ द्यायचे नव्हते

मी धुळ्यात आर्किटेक्ट म्हणून काम करते. बहुतेक कामं बंगले, रो-हाउस, एखादा दवाखाना, दुकानांचे गाळे अशीच असतात. पण मधे देवपूर भागातल्या आमच्याच कॉलनीच्या ओपन स्पेसचं डिझाइन करायचं काम घेतलं, आणि त्यात जे बघायला मिळालं ते जरा सविस्तर लिहून ठेवतेय, कारण धुळे काय, जळगाव काय, नंदुरबार काय, प्रत्येक कॉलनीत अशी एक जागा पडून असते आणि आज ना उद्या तिथे बाग करायचा विषय निघतोच.

आधी ओपन स्पेस म्हणजे काय ते सांगते, कारण कॉलनीत वीस वर्षं राहणाऱ्यांनाही नीट माहीत नसतं. लेआउट पाडताना जमीन ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी असली, म्हणजे साधारण एकरभर, तर तिच्यातली १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. नियम जुनाच आहे, राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीतही तो आहे. ही जागा सगळ्या प्लॉटधारकांच्या वापरासाठी असते, तिच्यावर थोडंफारच बांधकाम चालतं. आमची निघाली साधारण १५ गुंठे. कडेने मोठे कडुनिंब, एका कोपऱ्यात मारुतीचं मंदिर, मधे पोरांनी खेळून खेळून टणक केलेली पिच, आणि बाकी सगळं गाजरगवत न वेडी बाभूळ.

थोडा सरकारी निधी मिळणार होता, बाकी लोकवर्गणी. मंदिरात मीटिंग झाली. ज्येष्ठ मंडळी म्हणाली आम्हाला बसायला शेड पाहिजे, पोरांचा आवाज नको. लहान मुलांचे आईवडील म्हणाले खेळणी पाहिजेत आणि मोठी पोरं तिकडे नकोत. कॉलेजची पोरं म्हणाली पिच सोडून काहीही करा. आणखी कोणाला ओपन जिम, कोणाला वॉकिंग ट्रॅक. एका काकांनी तिथेच कागद घेऊन चौकोन काढला, मधे अधिकची खूण केली, चार भाग पाडले, बाहेरून ट्रॅक, प्रत्येक भागाला ग्रिल आणि वेगळं गेट. सगळे खूश झाले, कारण प्रत्येकाला आपापला तुकडा मिळाला होता.

मला ते बघून खरंच पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. कारण आपण गेली कितीतरी वर्षं गावोगावी हेच करत आलोय, बालोद्यान वेगळं, नाना-नानी पार्क वेगळं, जिम वेगळी. नाना-नानी पार्कमधे गेलं की तिथे फक्त नाना आणि नानीच, नातवंडं नाहीतच. म्हाताऱ्या माणसाला घरात खोली वेगळी, बाहेर बागेतला कोपरा पण वेगळा. मी मीटिंगमधे एवढंच म्हणाले की मला थोडे दिवस द्या, आधी ही जागा आत्ता कोण कधी वापरतं ते बघू द्या, मग नकाशा काढू.

चैत्र-वैशाखात मी समोरच्या मावशींच्या ओट्यावर वही घेऊन बसायला लागले. कधी पहाटे, कधी भर दुपारी, कधी रात्री जेवण झाल्यावर. वहीत फक्त वेळ, वयाचा अंदाज, आणि माणूस काय करतोय ते. पहाटे साडेपाचला रिटायर मंडळी चालायला, कारण सात नंतर ऊन चटका द्यायला लागतं. साडेसहा-सातला स्कूल व्हॅनची वाट बघणारी पोरं आणि त्यांच्या आया, दहा मिनिटं. दुपारी बाराला निंबाखाली भाजीची गाडी लावून भाजीवाले दादा, दोन रिक्षावाले, एक भंगारवाला, डबा खाऊन डुलकी. चार वाजता चिटपाखरू नाही, ४३-४४ डिग्रीत कोण येणार. साडेपाच-सहाला क्रिकेट. पावणेसातला ऊन उतरल्यावर आज्या नातवंडांना घेऊन. साडेनऊला बाया शतपावलीला, पण त्या आत येत नाहीत, बाहेर रस्त्यावर चालतात, कारण आत अंधार. आणि दहानंतर पोरं बाइकवर मोबाइल बघत.

म्हणजे जागा सगळेच वापरत होते हो. सगळ्या वयाचे. पण एकमेकांना भेटतच नव्हते, एक गट गेला की दुसरा येतो. संध्याकाळी पावणेसात ते साडेसात एवढीच काय ती वेळ जेव्हा आजी, पोरगं, कॉलेजवाला आणि ऑफिसातून आलेला बाप एकाच वेळी तिथे असतात. पिढ्या एकत्र आणायच्या म्हणजे मोठी जागा किंवा भारी खेळणी नाही, ही पाऊण तासाची वेळ लांबवायची. ती दोन-अडीच तास झाली तरी माझ्या मते डिझाइन जिंकलं. यानंतर मी प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारत गेले, यामुळे दोन वयाची माणसं एकाच वेळी इथे जास्त थांबतील की नाही?

हे एकत्र बसणं आपल्याकडे नवीन नाहीच मुळी. माझं लहानपण जुन्या धुळ्यातल्या गल्लीत गेलं. जुनं शहर १८१९ च्या सुमाराला कॅप्टन ब्रिग्जने आखून वसवलं असं गॅझेटियर सांगतं, सरळ समांतर गल्ल्या, त्यांना नंबर. अजूनही माणसं पत्ता सांगताना गल्ली नंबर चार, गल्ली नंबर सहा असंच सांगतात. प्रत्येक घराला ओटा. संध्याकाळी आजी ओट्यावर मेथी निवडत बसायची, समोर गल्लीत आम्ही लंगडी नाहीतर लपाछपी, शेजारच्या ओट्यावर आबा पेपर घेऊन. आजी आम्हाला सांभाळायला म्हणून बसलेली नसायची, तिचं तिचं काम चालू असायचं आणि नजर आमच्यावर असायची. ओट्याची उंची अशी की म्हाताऱ्या माणसाला टेकून उठता येतं, पोराला उडी मारता येते. कॉलनीत आलो आणि ओट्याच्या जागी पाच फुटी कंपाउंड वॉल आली, गेट आलं, गेटच्या आत गाडी आली. मग आजी आतल्या सोफ्यावर, पोरगं मोबाइलवर.

म्हणून डिझाइनमधे पहिली गोष्ट ठरली ती ओटा. बेंच नाही, ओटा. मधल्या मोकळ्या जागेच्या दोन बाजूंनी लांबलचक, वळण घेत जाणारा. त्याला दोन पायऱ्या, खालची ३० सेंटीमीटर, वरची ४५. वरच्यावर मोठी माणसं, खालच्यावर पोरं, किंवा मोठ्यांचे पाय. जिथे गुडघेवाले बसणार तिथे पाठ टेकायला आधार आणि उठताना धरायला पाइप, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसणं जड नसतं, उठणं जड असतं. हे कुठल्याही कॅटलॉगच्या बेंचमधे नसतं, बिनहाताचे सिमेंटचे बेंच आणून ठेवतात आणि वर देणगीदाराचं नाव.

मग मी एक केलं जे प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं. कागदावरचा नकाशा लोकांना कळत नाही. मान डोलावतात, कळलेला नसतो. म्हणून मी ग्राउंडवर मैदान आखायची फक्की आणली आणि अख्खं डिझाइन जागेवर खऱ्या मापात आखलं. इथे ओटा, इथे पिच, इथे झोका, इथे वाळूचा खड्डा. मंडपवाल्याकडून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या, दोन घरांतून बाजा, म्हणजे दोरीच्या खाटा, आल्या, ओट्याच्या रेषेवर ठेवल्या आणि सांगितलं की आठवडाभर संध्याकाळी इथे येऊन बसा, जशी खुर्ची हलवावीशी वाटेल तशी हलवा, परत ठेवू नका.

रोज रात्री खुर्च्या कुठे गेल्यात त्यांचे फोटो काढायचे. न्यूयॉर्कमधे विल्यम व्हाइट नावाच्या माणसाने १९७० च्या दशकात चौकाचौकात कॅमेरे लावून माणसं कुठे बसतात, किती वेळ बसतात याचा असाच अभ्यास केला होता, आणि त्याचं म्हणणं होतं की हलवता येणारी खुर्ची माणसाला फार आवडते, भले तो ती वीतभरच हलवेना का. ते मी कॉलेजात शिकले होते पण आमच्या कॉलनीत डोळ्यांनी बघताना फार मजा आली. आज्यांच्या खुर्च्या मी मंदिराजवळच्या शांत कोपऱ्यात ठेवल्या होत्या, मीटिंगमधे त्यांच्या नावाने तसंच सांगितलं गेलं होतं ना. दोन दिवसांत त्या सगळ्या उठून गेटपाशी आणि वाळूच्या खड्ड्याजवळ आल्या. एका आजींना विचारलं, आजी तिकडे सावली चांगली आहे, इकडे का? तर म्हणे, "माले एकलीले बसानं नही माय, पोरे दिखतीन तठे बसानं शे." म्हणजे मला एकटीला नाही बसायचं, पोरं दिसतील तिथे बसायचंय. पोरांचा आवाज नको ही मागणी आज्यांची नव्हतीच, ती मीटिंगमधे बोलणाऱ्या दोनतीन काकांची होती. मंदिरातल्या मीटिंगमधे बाया मागे बसतात, बोलत नाहीत, खुर्च्यांनी मात्र त्यांचं म्हणणं स्पष्ट सांगितलं.

दुसरी गंमत बाजांची. बाजेवर एकटं कुणी बसतच नाही. आजी बसली की नात शेजारी, मग तिच्या दोन मैत्रिणी, मग ऑफिसमधून आलेला कुणीतरी टोकाला टेकतो. खुर्ची एकाची असते, बाज कुणाचीच नसते. त्यामुळे ओट्याला मी दोन ठिकाणी बाजेएवढी रुंदी दिली, साडेचार फूट, पाय वर घेऊन मांडी घालून बसता येईल अशी. मिस्त्री म्हणाले ताई मटेरियल वाया जातंय. आज सगळ्यात जास्त गर्दी तिथेच असते.

तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ९५ सेंटीमीटर असते, आणि तेवढ्या उंचीवरून शहर कसं दिसतं ते बघा असा एक उपक्रम आहे, अर्बन ९५ नावाचा, आपल्या पुण्यातही त्याचं काम झालंय. मी ९५ सेंटीमीटरची काठी घेऊन जागेवर फिरले, खाली वाकून त्या उंचीवरून बघितलं. त्या उंचीवरून आमच्या जागेची कंपाउंडची भिंतच फक्त दिसत होती. आत कोण आहे ते पोराला दिसत नाही, बाहेर कोण आहे ते आतून दिसत नाही. रस्त्याच्या बाजूची भिंत उतरवून दीड फुटाचा कठडा केला, बसता येईल असा. याला विरोध खूप झाला, गुरं येतील म्हणून. गुरांसाठी वर दोन आडवे पाइप टाकले आणि काम झालं. गेटला लोक ते गोल फिरणारं फाटक मागत होते, त्यातून गाय जात नाही हे खरं पण व्हीलचेअर पण जात नाही, बाबागाडी पण जात नाही, आणि काठीवाले आबा पण अडकतात. साधं तीन फुटी पल्ल्याचं गेट लावलं, सोडलं की आपोआप मिटणारं. रस्ता आणि आतली जमीन यात एक फुटाचा फरक होता, तिथे बारा फूट लांब रॅम्प. १ ला १२ हे प्रमाण आहे, यापेक्षा उभा रॅम्प केला की तो फक्त फोटोपुरता राहतो, माणूस स्वतः चढू शकत नाही.

आता उन्हाचं. खान्देशात डिझाइन करायचं तर आधी ऊन, मग बाकी सगळं. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक कोटेशनमधे पेव्हर ब्लॉक आणि पत्र्याचं शेड. मे महिन्यात पत्र्याखाली बसणं म्हणजे तव्याखाली बसणं. पेव्हर रात्री नऊपर्यंत गरम वाफ टाकत असतो, म्हणजे नेमका संध्याकाळचा वेळ, जो आपल्याला लांबवायचा आहे, तोच मारला जातो. म्हणून ट्रॅक मुरुमाचा केला, पाणी मारून रोलरने दाबून, सहा फूट रुंद, दोन माणसं गप्पा मारत चालली तरी शेजारून तीनचाकी सायकल जाईल एवढा. संध्याकाळी पाचला ट्रॅकवर आणि ओट्यावर पाणी शिंपडायचं, बोअरचं, ते काम पोरांनी घेतलं कारण पाइपने पाणी मारायला त्यांना आवडतं, आणि या एका गोष्टीने माणसं अर्धा तास लवकर यायला लागली. निंब एकही तोडला नाही, ओटा त्यांना वळसा घालून गेला, तो वाकडा आहे त्याचं कारण तेच. नवीन झाडं करंज, बकुळ, आणि पश्चिमेला आणखी निंब, कारण संध्याकाळचं तिरपं ऊन तिकडून येतं. झाड मोठं व्हायला पाच-सहा वर्षं लागतात, तोपर्यंत पाइपच्या सांगाड्यावर तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, अंथरून मांडव आणि त्यावर मधुमालती. शेतावरच्या मांडवासारखाच, तुराट्या दर वर्षी बदलायच्या. घसरगुंडीचं तोंड उत्तरेला, झाडाच्या सावलीत. दक्षिणेला किंवा पश्चिमेला तोंड केलं की पोरगं भाजतं, आणि अशा कितीतरी घसरगुंड्या बागांमधे आहेत ज्यावर एप्रिल-मेमधे, ऐन सुट्टीत, कुणी बसत नाही.

झोक्यावर मी सगळ्यात जास्त भांडले. कॅटलॉगमधला झोका म्हणजे छोटी सीट, साखळी, आणि शेजारी पाटी, १२ वर्षांवरील व्यक्तींनी बसू नये. मी विचारलं, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, काय करायचं? आपल्याकडे आखाजीचा झोका काय फक्त लहान पोरींचा असतो का? सासरहून आलेल्या बाया, त्यांच्या आया, त्यांच्या पोरी, सगळ्या एकाच झोक्यावर, निंबाला दोर बांधून, गाणी म्हणत. वर्षातून एकदा पन्नाशीची बाई उंच झोका घेते आणि कुणी तिला वय विचारत नाही. तोच एक सण ज्यात तीन पिढ्या एका फळीवर बसतात, आणि आपण तिथे १२ वर्षांची पाटी लावणार? फॅब्रिकेटर भाऊंना बसवून हिशोब केला, सी क्लासचा जाड पाइप, खाली खोल काँक्रीट, वर बेअरिंगच्या कड्या, रुंद लाकडी फळी, तीन मोठी माणसं बसली तरी हलणार नाही असा. कॅटलॉगच्या झोक्यापेक्षा बराच महाग पडला. त्या पैशात दुसरी चार खेळणी आली असती असं म्हणणारे होते. मी म्हणलं नको ती चार.

खेळण्यांच्या बाबतीत मला अ‍ॅम्स्टरडॅमचं उदाहरण नेहमी आठवतं. युद्धानंतर तिथे आल्डो व्हान आयक नावाच्या आर्किटेक्टने १९४७ पासून पुढच्या तीसेक वर्षांत ७०० च्या वर खेळायच्या जागा केल्या, गल्लीच्या कोपऱ्यावर, दोन घरांच्या मधल्या पडीक जागेत. त्यात असायचं काय? वाळूचा खड्डा, काही गोल दगड, कोलांट्या मारायला लोखंडी कमानी, कडेला झाडं आणि बाक. हत्ती नाही, डोरेमॉन नाही, फारशी कुंपणं नाहीत. वाळूच्या खड्ड्याचा कठडा एवढा रुंद की आई त्यावर बसते. आमच्या वाळूच्या खड्ड्याला मी तोच रुंद कठडा केला, आणि तिथे आजोबा लोक स्वतः बुटं काढून वाळूत पाय घालून बसतात, हे मी नकाशात काढलेलं नव्हतं.

क्रिकेटचा वाद सगळ्यात कडू झाला. बॉल लागेल, काच फुटेल, आज्यांना इजा होईल, म्हणून पिच काढा. पोरं चिडली, रात्री ग्रुपवर भांडणं, एका घराने वर्गणी परत मागितली. पिच काढली असती तर १५ ते २५ वयाची पोरं जागेतून गेली असती आणि मग ती कुठे गेली असती, नाक्यावर. मी पिच फिरवली. आधी ती पूर्व-पश्चिम होती, संध्याकाळी बॅट्समनच्या डोळ्यात सूर्य आणि फटका थेट घरांकडे. ती उत्तर-दक्षिण केली, समोर मागच्या गोदामाची कोरी उंच भिंत, आणि ओटा बॅट्समनच्या मागे, जाळीच्या पल्याड. मागे बसलं की मॅच सगळ्यात छान दिसते. टेनिस बॉलच, सीझन बॉल नाही, हा नियम पोरांनीच केला. आणि मागे बसणारे एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर आबा, जे मीटिंगमधे पिच काढा म्हणणाऱ्यांत होते, ते हळूहळू वाइड आहे की नाही ते ओरडून सांगायला लागले. स्टंप आणि बॅट आता त्यांच्याकडे असतात. पोरं त्यांच्या घरी जाऊन मागून आणतात, आणि ते घरी नसले तर आजारी आहेत का म्हणून चौकशी करतात.

मधली जागा मी मुद्दाम रिकामी ठेवली, काहीच केलं नाही तिथे. श्रावणात कानबाईचा, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीचा, रविवार असतो, नागपंचमीनंतरचा, दुसऱ्या दिवशी विसर्जनाला निघताना बाया फुगड्या घालतात, नाचतात, त्याला मोकळं अंगणच लागतं. गणपतीचा मंडप, लग्नाची पंगत, उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळवायला. पापड वाळत घालायला बाया आल्या की कावळे हाकलायला पोरं बसवतात, ही दुपारची एकमेव वेळ जेव्हा सुट्टीत मांडवाखाली पोरं आणि आज्या एकत्र असतात. निधी देणाऱ्यांना रिकामी जागा पटत नाही, तिथे कारंजं करा, पुतळा करा. मी तिथे फक्त जमीन सपाट करून, पाणी साचू नये म्हणून हलका उतार दिला.

दिव्यांबद्दल थोडक्यात. हायमास्ट, म्हणजे एकाच उंच खांबावरचे मोठे दिवे, नको म्हणून सांगितलं. त्याचा उजेड वरून डोळ्यात येतो आणि खाली माणसाचा चेहरा काळाच दिसतो. बायांचं म्हणणं होतं की समोरून येणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे. म्हणून बारा फुटी खांब, जास्त संख्येने, पिवळसर उजेड. शतपावलीवाल्या बाया पहिल्याच आठवड्यात रस्त्यावरून आत आल्या, आणि त्या आत आल्या म्हणून दहावी-बारावीच्या पोरी पण त्यांच्यासोबत आल्या. वेळ साडेसातवरून साडेनऊ-दहापर्यंत गेला तो मुख्यतः या खांबांमुळे.

दोन गोष्टी अजून झालेल्या नाहीत आणि त्यांचं मला वाईट वाटतं.

एक म्हणजे संडास-मुतारी. शुगर असलेला, बीपीची गोळी घेणारा माणूस दर तासाभराने उठतो, संडास नसला की तो अर्ध्या तासात घरी जातो आणि परत येत नाही. बायांचं तेच, लहान पोरांचं तेच. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मधे ज्येष्ठांसाठी शहरं कशी असावीत याचं मार्गदर्शन काढलं, त्यात बसायच्या जागांबरोबर सार्वजनिक स्वच्छतागृहाचा मुद्दा आहेच. पण आमच्याकडे प्रत्येकाला ते हवं आहे आणि कुणालाच आपल्या घरासमोर नको आहे. तीन जागा सुचवल्या, तिन्हींना कुणाचा ना कुणाचा विरोध. सध्या मंदिराच्या मागचं जे एक आहे त्याची चावी ड्रायव्हर आबांकडे असते. त्याला पायरी आहे, धरायला काही नाही, रात्री दिवा नाही. हे चालणार नाही, मी परत परत विषय काढतेय.

दुसरं, तेरा ते अठराच्या मुली. रात्री आयांसोबत येतात पण संध्याकाळी पाच ते सात, जेव्हा जागा पोरांच्या ताब्यात असते, तेव्हा एकही नाही. हे फक्त धुळ्याचं नाही. व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकात अभ्यास केला तेव्हा दिसलं की साधारण नऊ वर्षांनंतर मुली बागांमधून गायबच होतात, मुलगे राहतात. मग त्यांनी १९९९ पासून काही बागा बदलल्या, एकच मोठं मैदान न ठेवता झाडाझुडपांनी वेगवेगळे भाग केले, पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, आणि मुली परत दिसायला लागल्या. तुकडे नको म्हणणारी मी इथे भाग करा म्हणतेय असं वाटेल, पण यात फरक आहे. वयाच्या नावाने ग्रिल घालून गेट लावणं वेगळं, आणि कुणालाही कुठूनही जाता येईल पण एकाच गटाला सगळी जागा व्यापता येणार नाही असं करणं वेगळं.

या मुलींशी मी वेगळी बोलले, त्यांच्यातल्याच एकीच्या गच्चीवर, कुणी मोठं माणूस नसताना. त्यांना पाहिजे होतं बॅडमिंटनचं नेट, आणि समोरासमोर बसता येईल अशी जागा, ओळीत नाही. ओळीत बसलं की सगळे आपल्याकडे बघतात असं वाटतं, म्हणाल्या. आणि एकीने सांगितलं की तिची आजी पूर्वी शाळेत रिंगटेनिस खेळायची, तिला पण यायचंय. मग बॅडमिंटनच्याच कोर्टवर नेट खाली-वर करता येईल असे खांब काढलेत, रिंगटेनिससाठी पण चालतील. जागा मंदिराच्या उत्तरेला, बाजूला बाजेएवढ्या रुंदीचा एक अर्धगोल ओटा, समोरासमोर बसता येईल असा. फक्कीने आखून झालंय, या वेळी फक्की मुलींनीच मारली. वर्गणी चालू आहे, दिवाळीआधी खांब उभे करायचेत.

तुमच्या कॉलनीत असं काही करायचं मनात असेल तर आधी नगररचना विभागातून मंजूर लेआउटची प्रत काढा आणि जागेची मोजणी करून घ्या, कारण बऱ्याच ठिकाणी ओपन स्पेसच्या कडेला कुणाचं तरी पार्किंग नाहीतर बागेचे वाफे सरकत सरकत आलेले असतात, आमच्याकडे पण होते, आणि काम सुरू झाल्यावर ते काढायला गेलं की नाती बिघडतात, आधी मोजणीचा कागद हातात असला की बोलणं सोपं जातं. नंतर फक्की आणि मंडपवाल्याच्या खुर्च्या. ठेकेदाराचं कोटेशन सगळ्यात शेवटी.